खेड्यातल्या बाईचे दुखणे डॉक्टरला दिसेल कसे?

बाई दवाखान्यात येते. 'अंगावर पांढरं जातं, कंबर लई दुखती,' एवढं कसंबसं सांगते. डॉक्टर न तपासताच टॉनिक लिहून देतो. 'या बायकांचं रोजचंच रडगाणं,' असे त्याला वाटते. माणूस वाईट नसतो. शिक्षणच तसे झालेले असते.

खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार एके काळी होता. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! १९८९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दुखणे गावात होतेच, विचारणारे कोणी नव्हते.

शहरात, सुखवस्तू घरात वाढलेल्या मुलाला हे आपोआप कसे कळावे? सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी सुरुवातीलाच खेड्यात मुक्काम करतात, घरे वाटून घेतात. २०२२ साली देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला.

तेव्हा असे विद्यार्थी गावात आले, की सरपंचांनी त्यांना चावडीवर चहा पाजून परत धाडू नये. दलित वस्तीत, तांड्यावर न्यावे. बायकांना पुरुषांच्या माघारी मोकळेपणी बोलू द्यावे. नाही तर शिकून मोठा झाल्यावर तोही टॉनिकच लिहील.