दांत दुखावयाचा थांबतो तेव्हां

श्रोतेहो, आज ज्या दुखण्याविषयीं मी बोलणार आहें, तें आपणांपैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां भोगलेलें असेल. घरांतील मंडळी गाढ झोपलेली असते, आणि आपण मात्र गालावर हात ठेवून येरझारा घालीत असतों. लवंगेच्या तेलाचा बोळा होतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात. आणि मग दोन-चार दिवसांनीं ठणका एकाएकीं थांबतो. ‘गेलें एकदांचें!’ असें म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतों. मला आज सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, हा दिवस सुटकेचा नव्हे, सावध होण्याचा आहे.

‘दांताला कीड लागली’ असें आपण म्हणतों. सुश्रुतसंहितेंतही दंतरोगांत ‘कृमिदंतक’ हें नांव आढळतें. दांतांत अळी असते, ही समजूत जगांतील अनेक देशांत होती. १७२८ सालीं फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यानें आपल्या ग्रंथांत ती खोडून काढली. आणि १८९० सालीं मिलर या संशोधकानें तोंडांतील जंतु व अन्नांतील साखर यांचा संबंध विशद केला. दांतांवर जो चिकट थर बसतो त्यांत हे जंतु राहतात. आपण साखर खाल्ली कीं ते ती आंबवितात, आणि त्यांतून आम्ल तयार होतें. दांत कुरतडते ती अळी नव्हे, तें हें आम्ल होय.

दांताचें वरचें कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, तें आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य आहे. परंतु त्यांत मज्जातंतु नाहींत, म्हणून तें झिजत असतां कांहींच कळत नाहीं. प्रथम एक पांढुरका डाग दिसतो. या पायरीवर लाळेंतील क्षार व पेस्टमधील फ्लुओराईड यांच्या साहाय्यानें झीज भरून येऊं शकते. येथें हयगय झाली कीं खड्डा पडतो, आणि आम्ल आंतल्या मऊ थरांत शिरतें. आतां थंड पाणी लागतांच कळ येते व लगेच जाते. दांत बोलूं लागला तो येथें! या वेळीं खड्डा साफ करून भरला तर काम थोडक्यांत आटोपतें.

तेंही झालें नाहीं, तर जंतु दांताच्या गाभ्यापर्यंत पोहोंचतात. या गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. शरीरांत दुसरीकडे सूज आली तर मांस फुगावयास जागा असते. येथें मात्र चोहोंकडे कठीण भिंती. कोंडलेल्या सुजेचा दाब मज्जातंतूंवर पडतो, आणि आडवें झालें कीं डोक्याकडे रक्त अधिक येऊन ठणका वाढतो. रात्रीचा छळ होतो तो यामुळें. अखेर हा गाभा मरतो. मेलेला मज्जातंतु कळ कोठून देणार? ठणका थांबतो तो रोग हटला म्हणून नव्हे, तर ओरडणारा मेला म्हणून. जंतूंची वाट मात्र मोकळी झालेली असते. मुळाच्या टोकांतून ते जबड्याच्या हाडांत उतरतात व तेथें गळूं धरतें. खालच्या दाढेचा पू क्वचित् जिभेखालीं व गळ्यांत पसरून श्वास कोंडूं शकतो. अशा वेळीं प्राणावर बेततें.

थांबलेल्या ठणक्याची ही फसवणूक सर्वांत महाग कोणास पडते, हें पाहावयाचें तर शहर सोडून बीड जिल्ह्यांत जावें लागेल. गेवराई तालुक्यांतील उमापूरसारखें गांव डोळ्यांपुढें आणा. या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. अशा एखाद्या बाईची दाढ कोपीवर ठणकूं लागली असें समजा. दवाखान्यांत जावें तर दिवसाचा खाडा पडतो आणि उचल तर अगोदरच घेतलेली. मग मिश्री लावावी, दुकानांतील गोळी घ्यावी, आणि ठणका थांबला कीं कोयता उचलावा! आपल्या चहांतील साखरेसाठीं जी ऊस तोडते, तिची दाढ वांचविण्यास सवडच नसते. मराठवाड्यांत शासकीय दंत महाविद्यालय निघालें तें १९८२ सालीं, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास. तिला अडचण अंतराची आणि वेळेची आहे. पण शहरांत दंतवैद्य दोन गल्ल्या पलीकडे असतां आपण ज्या उशिरानें जातों, त्यास काय नांव द्यावें?

गाभा सडल्यावरही दांत वांचवितां येतो. त्या उपचारास ‘रूट कॅनाल’ म्हणतात, आणि त्याच्या नांवानें लोक उगीच दचकतात. प्रथम क्ष-किरण चित्र काढून मुळें पाहतात. मग सुई देऊन जागा बधिर करतात; दांताभोंवतीं रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे लाळ आंत जात नाहीं. दांताला वरून छिद्र पाडून गाभा उघडतात. मुळांतून केसासारख्या बारीक नळ्या गेलेल्या असतात. पुढच्या वरच्या दांतास बहुधा एक, दाढेस तीन किंवा चार. लवचिक कानशींनीं त्या खरवडून, जंतुनाशक द्रावणानें पुनःपुन्हां धुऊन काढतात. ही सफाई हाच उपचाराचा प्राण होय. मेलेल्या गाभ्यांत रक्त फिरत नाहीं, म्हणून नुसत्या गोळ्यांचें औषध तेथें पोहोंचत नाहीं. नळ्या स्वच्छ झाल्यावर गटापर्चा नांवाच्या पदार्थानें त्या बंद करतात. मलायांतील एका झाडाचा हा चीक. एके काळीं समुद्राखालच्या तारांवर याचेंच वेष्टण असे. शेवटीं दाढ ठिसूळ झालेली असल्यामुळें तिच्यावर टोपी बसवितात. ही टोपी टाळणें म्हणजे घर बांधून छप्पर न घालणें होय. पैसे वांचल्यासारखे वाटतात, आणि एके दिवशीं दाढ उभी चिरते.

मातांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ येते. कोणताही दांत न पडतां ती येत असल्यानें तीही दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतें. ती कायमची असते. गेली तर पुन्हां येत नाहीं. साखर किती खाल्ली यापेक्षां ती किती वेळां खाल्ली यास महत्त्व अधिक आहे. दर खेपेस आम्लाचा मारा नव्यानें सुरू होतो. गोड जेवणाबरोबर द्यावें, दिवसभर चघळावयास देऊं नये. आणि निजण्यापूर्वीं फ्लुओराईडच्या पेस्टनें दांत घासावेत.

श्रोतेहो, दांत दुखतो तेव्हां तो आपणांस हांक मारीत असतो. हांक बंद झाली म्हणून दार लावून घेऊं नका. उद्यां सकाळीं दंतवैद्याकडे जा, आणि घरीं काम करणाऱ्या बाईंनीं गालावर हात ठेवलेला दिसला, तर त्यांनाही अर्धा दिवस सुटी देऊन दवाखान्यांत धाडा.