श्रद्धेचे समर्थन म्हणजे काय? कॅथलिक परंपरेतून एक परिचय

वसतिगृहात जेवताना कुणीतरी सहज विचारते, "तुम्ही कॅथलिक लोक मेरीची पूजा करता ना?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते. तरीही उत्तर देणारा विषय बदलतो, नाहीतर चिडतो. तुम्ही कॅथलिक असा वा नसा, आपल्या श्रद्धेबद्दलचा असा प्रश्न तुमच्याही वाट्याला आला असेल. अशा वेळी उत्तर कसे द्यावे, यावर ख्रिस्ती परंपरेत बराच जुना विचार झालेला आहे.

'अपोलोगिया' हा ग्रीक शब्द न्यायालयातला. आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण, हा त्याचा अर्थ. त्यात माफी मागणे अभिप्रेत नाही. इ.स. १५० च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमन सम्राट अँटोनिनस पायस याला उद्देशून असेच एक निवेदन लिहिले. रोमच्या देवांना न मानणारे ख्रिस्ती लोक नास्तिक आहेत, लपूनछपून अमंगळ कृत्ये करतात, अशा वावड्या तेव्हा होत्या. जस्टिनने तात्त्विक युक्तिवाद केलेच. पण मला त्याचा सर्वांत परिणामकारक भाग वेगळाच वाटतो. रविवारी जमल्यावर आपण काय करतो, ते त्याने सरळ सांगून टाकले: ग्रंथवाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि अनाथ, विधवा, आजारी व कैदी यांच्यासाठी गोळा होणारा पैसा. पुढे इ.स. १६५ च्या सुमारास त्याला मृत्युदंड झाला. म्हणजे चांगल्या उत्तराने समोरच्याचे मन वळतेच असे नाही.

आता मेरीचा प्रश्न. कॅथलिक धर्मशास्त्र दोन गोष्टींत फरक करते. आराधना केवळ देवाची. संतांना मिळतो तो सन्मान. मरियेला त्यांत सर्वोच्च सन्मान असला, तरी तिला प्रार्थना करताना 'आमच्यासाठी देवाकडे विनंती कर' असेच म्हटले जाते. इ.स. ७८७ च्या निकाया धर्मपरिषदेने प्रतिमांबाबतही हाच भेद मांडला: प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. खरी अडचण 'पूजा' या शब्दाची आहे. मराठीत देवाची पूजा होते, गुरूची होते, दसऱ्याला शस्त्रांचीही होते. तेव्हा "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी "पूजा म्हणजे तुला काय म्हणायचंय?" असे विचारावे. कदाचित विचारणारा स्वतःच सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणबत्ती लावून आलेला असेल! तिथे सर्व धर्मांचे लोक जातात.

काही प्रश्न मात्र शब्दांचा अर्थ उलगडून सुटत नाहीत. "गोव्यातल्या इन्क्विझिशनचं काय?" असे कुणी विचारले, तर 'तो काळच तसा होता' हे उत्तर पुरे पडत नाही. ते धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. बाटवलेल्या आणि पुन्हा जुन्या रीती पाळणाऱ्या लोकांना त्याने शिक्षा केल्या. हे नाकारून श्रद्धेचे समर्थन करणारा आपली विश्वासार्हता गमावतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेबद्दल रोममध्ये जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत गोव्याचे नाव नव्हते. मित्राने तेही विचारले, तर तेही सांगावे.