कापडात उमटलेले चेहरे

माणसाचा चेहरा रंगांनीच रंगवावा लागतो असे नाही. कापडाच्या तुकड्यांतूनही तो तितक्याच जिवंतपणे साकारता येतो. अमेरिकेतील कलावंत बिसा बटलर यांची गोधडी-चित्रे याची साक्ष देतात. १९७३ मध्ये न्यू जर्सी राज्यात जन्मलेल्या बटलर यांनी हॉवर्ड विद्यापीठात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे अनेक वर्षे शाळेत कला शिकवली. शिवणकाम मात्र त्यांना आई व आजीकडून मिळाले. आजी-आजोबांच्या विवाहाच्या छायाचित्रावरून २००१ मध्ये केलेले व्यक्तिचित्र हे त्यांच्या आरंभीच्या कापडी कृतींपैकी एक होय.

बटलर जुनी कृष्णधवल छायाचित्रे शोधतात. त्यांतील अनेक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची नावे कोणी नोंदवलेलीच नाहीत. अशा विस्मृत माणसांना त्या पूर्णाकृती, भरजरी डौलात आणि पाहणाऱ्याच्या नजरेला नजर देत उभे करतात. त्वचेसाठी तपकिरी नव्हे, तर निळे, जांभळे, लाल, हिरवे कापड वापरतात. त्या रंगांतून व्यक्तीचा स्वभाव बोलतो. ‘द सेफ्टी पेट्रोल’ हे २०१८ मधील त्यांचे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या नऊ कृष्णवर्णीय सैनिकांचे भव्य चित्रही त्यांनी कापडातच घडवले.

या कलेचे मर्म रंगापेक्षा छटेत आहे. प्रथम छायाचित्र मोठे करून त्यावर उजेड व सावलीच्या सीमारेषा आखाव्यात. कपाळ, नाकाचा उंचवटा व गालांवर फिके कापड येते. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली गडद. निवडलेले तुकडे शेजारी मांडून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र घेतले, की छटा जुळली की नाही हे लगेच कळते. दोन छटांमधील सीमा कठोर वाटल्यास वर शिफॉन किंवा जाळीचा पातळ थर द्यावा. अखेरीस वरचे चित्र, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर एकत्र शिवावे. भुवया, सुरकुत्या, केसांच्या बटा या टाक्यांच्या रेषांनीच उमटतात.

आपल्याकडे गोधडीची परंपरा घरोघरी आहे. उजमण्याच्या प्रसंगी मांडले जाणारे भरतकामाचे छोडही आपल्या परिचयाचे आहेत. बटलर रेशीमही वापरतात. परंतु ते मिळवण्यासाठी कोशातील जीव उकळले जातात, म्हणून आपण सुती कापडच घ्यावे. सुती लुगड्यांत छटांची वाण मुळीच नाही.

विस्मृतीचा प्रश्न आपल्या घरांतही आहे. अनेक वंशावळींत केवळ पुरुषांचीच नावे आढळतात. ज्यांनी घर उभे केले, आयुष्यभर व्रते-उपवास सांभाळले, त्या पणजीचे नाव सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. तेव्हा आजीचे जुने लुगडे बोहारणीला देण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याच लुगड्यातून तिचा चेहरा घडवावा, आणि ती हयात असेल तर तिला शेजारी बसवून कापडाची निवड तिच्याकडूनच करून घ्यावी. चित्र पूर्ण झाल्यावर मागील अस्तरावर तिचे संपूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव आणि जन्मवर्ष दोऱ्याने शिवण्यास मात्र विसरू नये.