पेनेलोपी : धीराचे नव्हे, धाग्याचे नाव

काही नावे उच्चारली की माणूस आठवण्याआधी गुण आठवतो. हरिश्चंद्र म्हटले की सत्य, कर्ण म्हटले की दान. युरोपात 'पेनेलोपी' म्हटले की असेच होते. नवऱ्याची वीस वर्षे वाट पाहणारी पतिव्रता, एवढीच तिची ओळख. तिकडे आजही मुलींचे हे नाव ठेवतात, लाडाने 'पेनी' म्हणतात. पेनेलोपी क्रूझ या स्पॅनिश अभिनेत्रीमुळे ते आपल्या घरांतही पोहोचले आहे.

पण या नावाच्या मुळाशी गेले, तर तिथे वाट पाहण्याचा मागमूस नाही. तिथे आहे सूत.

प्राचीन ग्रीक भाषेत 'पेने' म्हणजे बाण्याचा, मागावर आडवा विणला जाणारा धागा. अनेक अभ्यासक पेनेलोपीचे नाव या शब्दाशी जोडतात. दुसरे मत असे की ते 'पेनेलोप्स' नावाच्या बदकावरून आले. जुन्या कथेकऱ्यांनी त्याला गोष्टही जोडली: तान्हेपणी तिला समुद्रात टाकले आणि बदकांनी तिला तरंगत काठाला आणले. लिनियसने 1758 साली एका बदकाला हेच नाव दिले. ते बदक हिवाळ्यात आपल्या जलाशयांवर उतरते. पक्षिनिरीक्षक त्याला युरेशियन विजन म्हणून ओळखतात.

मला स्वतःला धाग्याचा अर्थ पटतो, कारण होमरच्या 'ओडिसी'तली तिची सगळी कर्तबगारी धाग्यातच आहे.

इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर गेला. दहा वर्षे युद्धात गेली, दहा परतीच्या वाटेत. तो मेला असे धरून आसपासच्या बेटांवरचे 108 उमेदवार त्याच्या वाड्यात ठाण मांडून बसले. राणीने आपल्यातला एक नवरा निवडावा, ही त्यांची मागणी. ती निवडेपर्यंत रोज तिचीच डुकरे, तिच्याच शेळ्या कापायच्या आणि तिचीच दारू प्यायची.

पेनेलोपीने एक मुदत मागितली. म्हाताऱ्या सासऱ्यासाठी, लाएर्तेससाठी, त्याच्या अंत्यविधीचे वस्त्र विणून होईपर्यंत थांबा, म्हणाली. एवढ्या ऐपतीचा माणूस वस्त्रावाचून गेला तर गावातल्या बायका मला नावे ठेवतील! या कारणापुढे कोण काय बोलणार? दिवसा ती विणी आणि रात्री मशालीच्या उजेडात विणलेले उसवी. दिवसाची नोंद रात्री उलटी फिरवायची, याला आम्ही बँकेत 'रिव्हर्सल' म्हणत असू. 108 तपासनीस समोर असताना तिचा हा हिशेब तीन वर्षे चालला. चौथ्या वर्षी एका दासीने तो फोडला. आतली माहिती बाहेर जाते ती आतल्याच माणसाकडून, हे खातेवह्यांत आयुष्य काढलेल्या मला नवे नाही.

ग्रीकांचा तो माग उभा असे. वरच्या दांड्याला ताण्याचे धागे बांधत आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजने लावत. बाई उभ्याने, येरझारा घालत विणत असे. इटलीतल्या किउसी येथील संग्रहालयात इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले एक पात्र आहे. त्यावर असा माग चितारला आहे. त्याच्यापुढे हातावर डोके टेकून पेनेलोपी बसली आहे आणि भाला घेतलेला मुलगा तेलेमाखस शेजारी उभा आहे.

या मुलाचा महाकाव्याच्या आरंभीचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. आई चारचौघांत येऊन गायकाला दुसरे गाणे गायला सांगते. विसाव्या वर्षाच्या आसपासचा हा मुलगा तिला सुनावतो, की वर जा, आपला माग आणि चाती सांभाळ. बोलणे हे पुरुषांचे काम. ती निमूट जाते. पण ज्या मागाकडे तिला पिटाळले, त्याच मागावर तिने ते घर राखले होते. आपल्या भाषेत कट शिजतो. होमरच्या भाषेत बेत विणला जातो. बाईच्या हातचे काम आणि राजकारण यांना तिथे एकच क्रियापद आहे.

विणण्याची युक्ती उघडी पडल्यावरही ती थांबली नाही. लग्न मागणाऱ्याने भेटी आणायच्या असतात, तुम्ही तर माझेच खाता, असे सुनावून तिने उमेदवारांकडून वस्त्रे आणि दागिने काढले. इतकी शांत वसुली मी नोकरीत पाहिली नाही! पुढे ओडिसियस परतला तेव्हाही ती धावत गेली नाही. आपला पलंग बाहेर काढा, असे तिने दासीला सहज सांगितले. जिवंत ऑलिव्हच्या बुंध्यावर तो पलंग घडवला होता. तो हलणे शक्य नव्हते. नवरा चिडून ते बोलला, तेव्हा तिची खात्री पटली.

होमर तिला वारंवार 'पेरिफ्रोन' म्हणतो. म्हणजे चहूबाजूंनी विचार करणारी. पुढच्या काळाने मात्र तिचा धीर ठेवला आणि अक्कल वजा केली. निष्ठेची ही पट्टी कुणाला लावली, तेही पाहावे. ओडिसियस सात वर्षे कॅलिप्सोजवळ राहिला, त्याआधी वर्षभर सर्सीजवळ; त्याबद्दल त्याला कुणी विचारले नाही. उमेदवारांशी संग केला म्हणून बारा दासींना मात्र फासावर टांगले. त्या दासींना वाचा देणारी 'द पेनेलोपियाड' ही कादंबरी मार्गारेट अॅटवूड यांनी 2005 साली लिहिली.

मुलीचे नाव ठेवताना आपण त्याचा अर्थ विचारतो आणि मोठी झाल्यावर तो तिला सांगतो. पेनेलोपी नावाच्या मुलीला 'वाट पाहणारी' एवढेच सांगितले, तर तिच्या वाट्याला खिडकी येते. धाग्याचा अर्थ सांगितला, तर तिच्या हाती माग येतो, आणि काय विणायचे, काय उसवायचे हे ठरवण्याचा अधिकारही.