अनोळखी माणसावर धावणारा कुत्रा

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची रीघ. ज्यांच्या दारात परक्यावर धावून जाणारा कुत्रा आहे, त्यांची या दिवसांत पंचाईत होते. मग त्याला साखळीने बांधून टाकतात. तेवढ्यापुरता चावा टळतो, पण कायमच साखळीला असलेला कुत्रा जास्त चिडका होतो. अंगावर येणारा कुत्रा बहुधा भ्यालेला असतो आणि साखळीमुळे त्याची पळायची वाटही बंद होते.

ही सवय लागते कशी? पोस्टमन फाटकाशी येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन टपाल देऊन निघून जातो. तो जाणारच होता, पण कुत्र्याच्या लेखी आपण भुंकलो म्हणून तो गेला. मीटर बघणारा, आशाताई, धान बघायला आलेला व्यापारी, सगळ्यांच्या बाबतीत तेच. म्हणजे हा धडा त्याला आपल्याच अंगणात रोज मिळतो.

म्हणून आधी तो धडा थांबवायचा. फाटकाला पक्की कडी लावा, माणसे येण्याआधीच कुत्र्याला सांदवाडीत किंवा आतल्या खोलीत न्या. बाहेर नेताना जाळीचे मुसके घाला. ते इतके सैल हवे की तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकूनच. आपल्याकडच्या मे महिन्यात तोंड घट्ट बांधले तर जिवावर बेतेल. सवय लावायला आठवडाभर मुसक्यातच खाऊ ठेवा, पट्टा नंतर बांधा.

शांत कुत्रा अचानक अंगावर येऊ लागला असेल तर शिकवणीआधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कान, दात किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रा चावतो. मात्र लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल, चाल बिघडली असेल, तर हात न लावता त्याला कोंडा आणि डॉक्टरांना बोलवा.

आता मुख्य काम. ओळखीतल्या पण कुत्र्याला परक्या असलेल्या माणसाला लांब उभे करा. किती लांब? कुत्र्याचे कान टवकारतील, पण तो तुमच्या हातचे खाईल इतके. खाणे सोडून टक लावली, अंग ताठले, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले किंवा उगाच ओठ चाटू लागला, तर अंतर कमी पडले समजा. माणूस दिसला की उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्या, मग आणखी एक. माणूस आडोशाला गेला की खाऊ बंद. क्रम चुकवू नका: आधी माणूस, मग खाऊ. उलटे केले तर खाऊची पिशवी दिसताच कुत्रा सावध होईल. त्या माणसाने अंग तिरके ठेवावे, नजरेला नजर देऊ नये, डोक्यावरून हात फिरवायला तर मुळीच जाऊ नये.

पाच मिनिटे पुरे. काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा मान वळवून तुमच्याकडे बघू लागेल. ते झाले की दोन पावले पुढे, त्याआधी नाही. भुंकला तर रागावू नका, मागे सरका. गुरगुरण्यावर काठी उगारणे ही आपल्याकडची जुनी खोड. गुरगुरणे हा इशारा असतो. तो मारून बंद केला तर पुढचा चावा न सांगता येतो.

पिल्लाची परक्यांशी ओळख करून द्यायचा उत्तम काळ त्याच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. मोठा कुत्रा सगळ्यांचा लाडका होईलच असे नाही. पाहुणा बसलेला असताना तो गप्प पडून राहिला तरी मी ते यशच मानतो. काही महिन्यांत फरक पडला नाही किंवा एकदा चावला असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा. निष्काळजीपणे प्राणी मोकळा सोडून माणसाच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुत्र्याला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्या आणि दरवर्षी चुकवू नका. तरीही कुणाला चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा, हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा.