केशस्नान आणि सौम्य शांपू

कालिदासाने ‘मेघदूता’त उज्जयिनीचे वर्णन करताना तेथील स्त्रियांच्या केशसंस्काराचाही उल्लेख केला आहे. केस सुगंधित करण्यासाठी जाळलेल्या धूपाचा धूर गवाक्षांतून बाहेर पडतो आणि त्याने मेघाचे अंग पुष्ट होते, अशी ती कल्पना आहे. पुढे अठराव्या शतकात हे नगर शिंद्यांच्या अमलाखाली आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले आणि अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांच्याबरोबर अभ्यंगस्नानाची रीतही आली. अंगाला तेल व उटणे, केसांना शिकेकाई व रिठा. त्या काळी न्हाणे आठवड्यातून एकदा. आज शांपूची बाटली घरोघर आहे आणि पुष्कळांचे केस रोज धुतले जातात. रोजच्या वापराला कोणता शांपू योग्य, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा झाला आहे.

‘शांपू’ हा शब्द परका वाटला तरी त्याचे मूळ याच देशात आहे. चांपणे, म्हणजे अंग दाबणे, या हिंदी क्रियापदापासून तो इंग्रजीत गेला. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढून ही मालीश तिकडे लोकप्रिय केली. त्या शब्दाला केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला.

केसांवरील मळ हा बहुतांशी तेलात धरलेली धूळ होय. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. त्यासाठी असा पदार्थ लागतो, की ज्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. साबण, रिठ्यातील सॅपोनिन आणि शांपूतील सल्फेट ही तिन्ही याच जातीची. शांपूत सामान्यतः सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट असते. ही द्रव्ये स्वस्त आहेत, फेस भरपूर देतात आणि तेल झपाट्याने काढतात. परंतु मळाबरोबर त्वचेचे स्वाभाविक स्निग्धत्वही ती हिरावून घेतात. त्वचेचा दाह मोजण्याच्या प्रयोगांत त्वचारोगतज्ज्ञ लॉरिल सल्फेटच प्रमाण म्हणून वापरतात, यावरून त्याचा स्वभाव कळावा. लॉरेथ सल्फेट त्यामानाने सौम्य असते. सल्फेटाने कर्करोग होतो, अशी जी भीती घातली जाते तिला मात्र आधार नाही. दोष आहे तो कोरडेपणाचा आणि खाजेचा, आणि तोही प्रमाण, संपर्काचा काळ व ज्याच्या त्याच्या त्वचेवर अवलंबून आहे.

येथे पाण्याचाही विचार केला पाहिजे. माळव्याचे पठार दक्षिणेप्रमाणेच काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. या खडकातून झिरपलेल्या विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात बहुधा चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. अशा जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. उलट चिकट साका होऊन तो केसांवर बसतो. शांपूतील द्रव्यांचा असा साका होत नाही, म्हणूनच साबणाच्या वडीने केस धुण्यापेक्षा शांपू बरा. तरीही क्षारांचा थर केसांवर राहू शकतो. शेवटचे तांब्याभर पाणी गाळलेल्या पावसाचे किंवा अन्य मृदू पाण्याचे घेतले, तर केसांचा राठपणा पुष्कळ कमी होतो. पुष्कळ वेळा दोष पाण्याचा असतो आणि बदलली जाते ती बाटली.

‘सल्फेटविरहित’ एवढा शब्द वाचून मात्र खरेदी करू नये. बाटलीच्या मागील घटकांची यादी वाचावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक त्यात उतरत्या क्रमाने दिलेले असतात, त्यामुळे आरंभीची चारपाच नावे महत्त्वाची. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथियोनेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन ही नावे सौम्यतेची खूण होत. याउलट ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नव्हे, पण तेल काढण्यात ते फारसे कमी कडक नाही. फेस थोडा आला म्हणून केस स्वच्छ झाले नाहीत, असे समजू नये. फेस आणि स्वच्छता या भिन्न गोष्टी आहेत. नवा शांपू प्रथम कोपराच्या आतील बाजूस किंचित लावून दोन दिवस पाहावे. सुगंधी द्रव्ये किंवा स्वतः कोकामिडोप्रोपिल बिटेनही कोणाकोणास सोसत नाही.

ज्यांचे केस कोरडे, कुरळे किंवा रंगविलेले आहेत, ज्यांना इसबाचा त्रास आहे आणि जे रोज न्हातात, त्यांना असा शांपू हितकर ठरतो. डोक्याला भरपूर तेल लावणाऱ्यास तो दोनदा लावावा लागेल. त्याने आठवड्यातून एकदा साधा शांपू वापरल्यास बिघडत नाही. शांपू तळहातावर पाण्यात पातळ करून केवळ डोक्याच्या त्वचेला चोळावा. केसांची टोके ओघळणाऱ्या फेसानेच धुतली जातात. कोंडा किंवा केस गळणे यांवर मात्र सौम्य शांपू हे औषध नव्हे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच आहे. त्याहून अधिक गळू लागल्यास महागड्या बाटल्यांत पैसा घालण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा.

राहता राहिली क्षिप्रा. उन्हाळ्यात तिचा प्रवाह इतका क्षीण होतो, की 2014 साली नर्मदेचे पाणी आणून तिच्यात सोडावे लागले. 2016 च्या सिंहस्थात लक्षावधी यात्रेकरूंनी तिच्यात स्नान केले. पुढील सिंहस्थ 2028 मध्ये आहे. मंद वाहत्या पाण्यात फेसाळ द्रव्ये साचली, तर माशांच्या कल्ल्यांना इजा होते, आणि सल्फेट नसलेली द्रव्येही याला अपवाद नाहीत. म्हणून केशस्नान घरीच करावे आणि रामघाटावर नुसती बुडी घ्यावी. जो शांपू आपल्या डोक्याला सौम्य, तो नदीलाही सौम्यच असेल, असे मानण्याचे कारण नाही.