पागेचा पहारेकरी : तापमापक

अनेक मालकांचे घोडे जेथे एकत्र ठेवले जातात, अशा पागेत नव्या घोड्याबरोबर कधी कधी ‘स्ट्रँगल्स’ हा रोगही शिरतो. नावाचा अर्थच गळा आवळणे. जर्मन शास्त्रज्ञ शुट्झ यांनी १८८८ मध्ये याचे जंतू वेगळे केले. त्यांना ‘स्ट्रेप्टोकॉकस इक्वी’ म्हणतात. ते जबड्याखालील व घशातील लसिकाग्रंथींत ठाण मांडतात. ग्रंथी सुजतात, त्यांत पू होतो आणि प्रसंगी घोड्याचा श्वास कोंडतो.

पाण्याचा हौद, बादली, म्होरकी, मोतद्दाराचे हात, ही सारी जंतूंची वाहने होत. परंतु घोड्याला ताप आधी येतो. नाकावाटे जंतू बाहेर पडू लागतात ते बहुधा एकदोन दिवसांनी. म्हणून रोज तापमापक लावावा. तापलेला घोडा तत्काळ निराळा बांधला, तर इतर वाचतात.

बरा झालेला प्रत्येक घोडा मात्र निर्धोक नसतो. काहींच्या घशालगतच्या हवेच्या पिशव्यांत पू सुकून राहतो व त्यात जंतू महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे जगतात. पशुवैद्याने या पिशव्या तपासल्यावाचून असा घोडा, तो कितीही धडधाकट दिसो, पुन्हा इतरांत सोडू नये.